पान्याची प्रत कोण ठरवणार?



कापसाची गाडी केंद्रावर लागली की पुढे काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. ग्रेडर ढिगात हात घालतो, मूठभर कापूस काढतो, दोन बोटांत धरून धागा ओढतो, ओलावा मोजायचे यंत्र खुपसतो. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापायला सुरुवात, बाराच्या वर गेला की गाडी परत. कवडी किती, कचरा किती, धागा आखूड की लांब, सगळे त्याने पाहायचे आणि तो सांगेल ती प्रत आपण मुकाट्याने घ्यायची. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हापासून हे पाहत आलो. एकाधिकार गेला, ग्रेडर मात्र राहिला. ज्वारीचेही तेच. कणसे पावसात सापडली, दाणा काळा पडला, की व्यापारी पोत्यात बोंबी खुपसून चार दाणे तळहातावर घेतो आणि तोंड वाकडे करतो.

आता उलटी बाजू पाहा. हाच शेतकरी त्याच कापसाचे पैसे खिशात घालून तालुक्याच्या दुकानात पान्यांचा संच घ्यायला जातो. संच प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद. एक पाना काढून नटाला लावून बघतो म्हटले तर दुकानदार म्हणतो, "भाऊ, पाकीट फोडले की माल तुमचा." आमच्या कापसात साऱ्या जगाने कोपरापर्यंत हात घालावा, आणि आम्ही आमच्या पैशाचा पाना नटाला लावून पाहू नये! विकताना प्रत ठरवणार घेणारा आणि घेताना प्रत ठरवणार विकणारा. दोन्ही वेळा पारखणारा दुसरा.

कुणी म्हणेल, हमीभाव, कर्ज, वीज असे मोठे प्रश्न पडले असताना संघटनेच्या पत्रकात पाने-पकडीचे काय घेऊन बसलात? म्हणणाऱ्याने जूनमध्ये आमच्याकडे यावे. मृगाचा पाऊस पडतो, वापसा येतो आणि कोरडवाहूवाल्याच्या हातात चार दिवस असतात. त्या चार दिवसांत पेरणी यंत्राचा एक नट घोळला, पाना फाकला आणि तालुक्याला जाऊन दुसरा आणण्यात दिवस गेला, तर तो दिवस ऑक्टोबरात बोंडांच्या संख्येत दिसतो. वेळेचे नुकसान तरी सोसता येते. गेल्या वर्षी आमच्या एका गावात जॅकवर उचललेली ट्रॉली चाक काढलेले असताना खाली बसली. जॅक नवा होता, रंग चकचकीत होता, पाकिटावर टनांचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. माणूस वाचला, पाय गेला. दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बिल नव्हते.

त्यानंतर आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले, की गावागावांत पाच-पंचवीस घरांनी वर्गणी काढून दुरुस्तीची एकेक पेटी करायची, आणि त्यात काय घालायचे ते दुकानदाराला न विचारता हत्यारांवर जगणाऱ्या माणसांना विचारायचे. अशी माणसे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हजारोंनी आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी आपलीच आहेत. दोन-चार एकर कोरडवाहूत भागेना म्हणून गेलेली पोरे तिथे लेथवर आणि मिलिंगवर उभी आहेत. घरी जाऊन प्रत्येकाने मोडकी हत्यारे गोळा केली, पोत्यात भरली आणि आम्ही गाडीत बसलो.

तो मार्ग आपल्याला परका नाही. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि घाट चढून, भुसावळ-बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला आली. इंग्रजाला वऱ्हाडचा कापूस हवा होता. कापूस खाली गेला आणि त्याच रुळांवरून विलायती लोखंड वर आले. त्या काळी मुंबईच्या कापसात सरकी, माती, पाणी मिसळल्याची ओरड विलायतेतल्या गिरणीवाल्यांनी केली, तेव्हा १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातली भेसळ रोखायला खास कायदा केला आणि इन्स्पेक्टर नेमले. गिरणीवाल्याला वाईट कापूस मिळू नये म्हणून एवढी धावपळ. शेतकऱ्याला वाईट लोखंड मिळू नये म्हणून कुणी इन्स्पेक्टर नेमल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि नेमावा अशी आमची मागणीही नाही. ते पुढे येईल.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये निघाले आणि त्याची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून झाली. आज तिथे फिरताना लेथचा आवाज शोधावा लागतो, काचेच्या इमारतीच जास्त दिसतात. ज्या ठाण्यात जे. के. ची कानस निघत असे तिथे आता घरांचे टॉवर उभे आहेत. डोंबिवलीत मात्र अजून गाळ्यागाळ्यांतून लोखंडाचा वास येतो. तिथल्या एका गाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, आमच्या तालुक्यातल्या एका टर्नरने आमचे पोते जमिनीवर ओतले आणि एकेक हत्यार उचलून त्याचा पंचनामा केला. कुठल्या पुस्तकात मिळाले नसते ते त्या दुपारी मिळाले, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला उचलला तो मधोमध तुटलेला पाना. त्याने तुटलेले तोंड उजेडाकडे धरले. आत खडीसाखरेसारखे जाड, करडे दाणे. "हा ओतलेला आहे, घडवलेला नाही," तो म्हणाला. लोखंड वितळवून साच्यात ओतले आणि वर चकाकी चढवली की पाना दिसायला पाना होतो, पण ताण आला की न वाकता एकदम तुटतो आणि बोटे बोल्टावर आपटतात. पोलाद तापवून घणाच्या यंत्राखाली साच्यात दाबून केलेला पाना तुटायच्या आधी वाकेल, आणि तुटलाच तर आतला दाणा बारीक दिसेल. पण घेताना तर तोडून पाहता येत नाही. मग? दोऱ्याने टांगा आणि दुसऱ्या लोखंडाने हलकेच टिचकी मारा. घडवलेला पाना घंटीसारखा वाजतो आणि नाद थोडा रेंगाळतो. ओतलेला बद्द वाजतो. मडके घेताना आपल्या मायबहिणी हेच करतात.

दुसरा पाना तुटला नव्हता, फाकला होता. अंगावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे ठळक छापलेले. टर्नरने कानस घेतली आणि त्याच्या जबड्यावर फिरवली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. मग स्वतःच्या पेटीतल्या पान्यावर तीच कानस फिरवली, तर ती घसरत घसरत, कुरकुरत, जेमतेम ओरखडा काढून गेली. चांगल्या पान्यालाही कानस थोडी लागते, कारण कानस सगळ्यांत कडक असते; पण फरक हाताला कळतो. छापील अक्षरांना किंमत नाही, हे त्या एका ओरखड्याने दाखवले. त्याने आणखी एक सांगितले: पाना घ्यायला जाताना खिशात एक कोरा, नवा बोल्ट घेऊन जा. तेरा नंबरचा पाना तेराच्या बोल्टावर बसवून हलवा. जो नव्या नटावर डुगडुगतो तो गंजलेल्या नटाची टोके झिजवून गोल करणारच.

इथे आपलीही एक चूक कबूल केली पाहिजे. पोत्यातले निदान दोन फाकलेले पाने माल वाईट म्हणून फाकले नव्हते. त्यांच्या दांड्यावर पाइपाच्या खुणा होत्या. नट निघत नाही म्हणून आपण पान्यात दोन हात लांब पाइप घालतो आणि दोघे जण लोंबकळतो. वर हातोड्याने ठोकतो. त्यापुढे जगातल्या कुठल्या कारखान्याचा पाना टिकेल? नटावर रात्री डिझेल किंवा तेल सोडून ठेवा आणि घट्ट नटाला फिक्स पान्याऐवजी रिंग पाना लावा. तो नटाला चहूकडून धरतो.

हातोड्याची गोष्ट उलटी निघाली. त्याचे तोंड एका कडेला कपचा उडालेले होते. तो मऊ नव्हता, नको तितका कडक होता. हातोड्याचे तोंड कडक हवे, पण काचेसारखे ठिसूळ नको; आणि दांडा बसतो तो मधला भाग मऊच हवा. साऱ्या हातोड्याला एकसारखे पाणी दिले की कपचा उडतो, आणि उडालेला कपचा डोळा शोधतो. म्हणून हातोड्यावर हातोडा आपटून परीक्षा कधीच करू नका. कानस तोंडावर फिरवा आणि मधे फिरवा. तोंडावर घसरली आणि मधे लागली तर हातोडा नीट. दांड्याच्या रेषा उभ्या सरळ आहेत का आणि पाचर घट्ट आहे का हे मात्र आपल्याला टर्नरने सांगायला नको. बाभळीच्या दांड्याची पारख त्याने आपल्याकडून शिकावी.

पकडीचे दोन्ही जबडे मिटवून उजेडासमोर धरले तर टोकाकडून उजेड दिसता कामा नये. सांध्यात बोटभरही चाल नको. पण पकडीच्या बाबतीत खरा धोका तिच्या मुठीवरच्या लाल रबरात आहे. आपल्याकडे शेतीची वीज रात्री येते, मोटारीचा फ्यूज उडतो आणि माणूस ओल्या पायांनी त्या रबराच्या भरवशावर स्टार्टरमध्ये हात घालतो. ते रबर हाताची पकड बसावी म्हणून असते. विजेच्या कामासाठी परीक्षा करून काढलेल्या पकडीवर तसा व्होल्टचा आकडा आणि खूण अंगावरच उमटवलेली असते. ती नसेल तर रबर म्हणजे नुसती टोपी. आणि ती असली तरी आधी मेन स्विच पाडा.

ड्रिलची परीक्षा पाहण्यासारखी होती. त्याने सगळ्यांना डोळे झाकायला लावले आणि पोत्यातले एक ड्रिल सरसाणावर टेकवले. पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फाटे फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या. मग त्याचे स्वतःचे ड्रिल टेकवले. ठिणग्या मोजक्या, लालसर, फाटे जवळजवळ नाहीतच. पहिले साधे कार्बनचे पोलाद, गरम झाले की धार बसणारे. दुसरे हायस्पीडचे. दोन्हींच्या दांडीवर अक्षरे एकच होती. ग्राइंडरच्या चकतीबद्दल तो एवढेच म्हणाला, की मधल्या पत्र्यावर मुदत छापलेली असते ती वाचा, चकतीवरचा फेऱ्यांचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ती लावू नका, आणि यंत्राचे झाकण काढून काम करणाऱ्याला गाळ्यात उभा करू नका. जॅक घेतल्यावर आधी रिकाम्या ट्रॉलीखाली लावा, दांड्यावर खडूची खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खूण खाली उतरली असेल तर परत करा. नाही उतरली तरी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणी खाली शिरायचे नाही.

हे सगळे पाहताना आमच्यातला एक म्हातारा कार्यकर्ता हसत होता. म्हणाला, "यात नवे काय? आमचा लोहार हेच करतो." खरे आहे. वखराच्या पासेला पाणी द्यायला नेली की लोहार ती लाल करतो, बुडवतो, मग धार घासून तिच्यावर रंग चढताना बघत बसतो. आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कुठल्या हत्याराला कुठल्या रंगावर थांबायचे ते त्याला ठाऊक, आणि भात्याशी बसून ते पाहिलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक. ट्रकच्या कमानपाट्याचा विळा आणि पत्र्याचा विळा आपण डोळे मिटून ओळखतो. पारख आपल्या घरात होती. पाना पाकिटात बंद झाला तिथे ती आपल्या हातून सुटली.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्यांदा निघाला तेव्हा पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. शहरात ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून चवीने सांगितली जाते. आम्ही ती वेगळी वाचतो. ज्याच्या हातात वर्षाकाठी एकदाच पैसा येतो तो माणूस दोन हंगाम दुसऱ्याच्या शेतात नांगर चाललेला बघेल आणि मगच घेईल. यालाच शहाणा गिऱ्हाईक म्हणतात. शेतकऱ्याने नंतर तोच नांगर महाराष्ट्रभर नेला.

आता स्वस्ताईबद्दल. कल्याण स्टेशनाजवळच्या एका दुकानदाराला आम्ही सरळ विचारले, की बाबा, खरे सांग. तो प्रामाणिक निघाला. त्याने गल्ल्यावर तीन पाने ठेवले. एक नामांकित कंपनीचा. एक लोकल, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साध्या नावाचा. आणि तिसरा त्या नामांकित कंपनीसारखाच दिसणारा, नावात एक अक्षर बदललेला. किंमत विचारली तर तिसरा लोकलपेक्षा महाग! आमचे भांडण आहे ते या तिसऱ्याशी, दुसऱ्याशी नाही.

कल्याणपलीकडे उल्हासनगर आहे. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असते आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद साऱ्या महाराष्ट्राने केला आहे. आम्हीही केला असेल. पण त्यामागची हकिकत वाचली की हसू येत नाही. फाळणीत घरदार सोडून आलेल्या माणसांना महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, कल्याण कॅम्पात, आणून टाकले. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. त्या माणसांना ना जमीन, ना भांडवल, आणि पुढे लायसेन्स-परमिटच्या राज्यात ना परवाना. बड्या घराण्यांना परवान्यांच्या भिंतीआड वाट्टेल तो माल वाट्टेल त्या भावाने विकायची मुभा होती, तेव्हा या लोकांनी खोलीत यंत्र बसवून गरिबाच्या खिशाला परवडेल असा माल काढला. स्वस्त माल काढणाऱ्याला चोर म्हणणारे बहुधा महाग माल विकणारेच असतात. दुसऱ्याचे नाव आपल्या मालावर ठोकणे हा मात्र वेगळा गुन्हा आहे. तो उल्हासनगरात झाला, लुधियान्यात झाला की चीनमध्ये, याने फरक पडत नाही.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधने उठली आणि चिनी हत्यारे तालुक्यापर्यंत आली. तेव्हापासून 'चिनी माल बंद करा' ही आरोळी अधूनमधून उठते. आमचा तिला पाठिंबा नाही. टर्नरच्या स्वतःच्या पेटीत चिनी मायक्रोमीटर होता आणि त्याच्यावर त्याचा विश्वास होता. शेजारीच पडलेला एक देशी पाना त्याने भंगारात टाकलेला होता. पोलादाला जात नसते, गाव नसते. त्याला पाणी नीट दिले आहे की नाही एवढेच खरे.

'स्वस्त घेतो तो दोनदा रडतो' असे आपल्याला सांगणारे पगारदार असतात. त्यांनी जरा हिशेब ऐकावा. समजा, चांगला संच ९०० रुपयांना आहे आणि हलका ३०० ला. वरचे ६०० रुपये मे महिन्यात शेतकऱ्याकडे नसतात, ते सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी येतात. वर्षाचे व्याज २१६, तीन वर्षांचे ६४८. म्हणजे तीन वर्षांत व्याजच त्या फरकाहून मोठे होते. हलका संच घेणारा शेतकरी मूर्ख नसतो, त्याला व्याज ठाऊक असते. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की वर्षातून दोनदा लागणारा बत्तीस नंबरचा पाना खुशाल हलका घ्या. पण जे मोडले तर हात, पाय, डोळा किंवा पेरणीचा दिवस जातो, ते जॅक, हातोडा, विजेची पकड, चकती आणि रोजचे दोन-तीन पाने, यांत काटकसर करू नका. या वस्तू पाच घरांत मिळून एक घ्या, पण चांगली घ्या.

आता सरकार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा खुरपे, विळा, कुदळ, फावडे ही शेतीची हातहत्यारे म्हणून करातून सुटली. पाना, पक्कड, हातोडी, कानस यांवर १८ टक्के. म्हणजे दिल्लीच्या मते शेतकरी तो, जो वाकून खुरपतो. त्याने ट्रॅक्टरचा नट फिरवला की तो कारखानदार झाला. बरे, कारखानदाराला हा कर पुढच्या हिशेबात वळता होतो. शेतकऱ्याला कुठून वळता होणार? तो थेट त्याच्या अंगावर बसतो. एका हाताने अनुदानाची जाहिरात आणि दुसऱ्या हाताने पान्यावर वसुली, याला आम्ही उणे सबसिडी म्हणत आलो.

आणि अनुदान देतात तेही वस्तूच्या रूपाने. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने राज्याने ठरवले होते, की शेतकऱ्याला औजारे वाटण्याऐवजी पैसे थेट खात्यात द्यायचे. त्याने बाजारातून पारखून घ्यावे. शहाणपणाचा निर्णय होता. २०२४ मध्ये बॅटरीचे फवारणी पंप आणि कापूस साठवायच्या पिशव्या पुन्हा सरकारने स्वतः खरेदी करून वाटायला घेतल्या. भावावरून आरोप झाले, कोर्टकचेरी झाली. भावाचे भांडण आपण बाजूला ठेवू. फुकट पंप मिळाला तरी आमचा प्रश्न उरतोच: तो पंप पाठीला बांधून कुणी पाहिला? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. पाठीवरचा पंप गळतो की नाही हा आमच्याकडे जिवाचा प्रश्न आहे. त्याची परीक्षा दहा मिनिटांची आहे. पंपात साधे पाणी भरा, पाठीला कोरडे सुती कापड लावून बांधा, पूर्ण दाबावर शेताला एक फेरी मारा आणि कापड पाहा. नळीचा सांधा, झाकण, बटण, कुठेही ओल दिसली तर तो पंप औषधाला वापरायचा नाही. निविदा उघडणाऱ्या साहेबाने ही फेरी मारली असती तर आम्ही काही बोललो नसतो.

लोहारालाही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण ती रोख नाही, ई-व्हाउचर आहे. जो माणूस पोलादाचा रंग बघून ताप सांगतो त्याच्या हातात सरकार नोट ठेवायला धजत नाही. हातोडा कसा निवडावा हे लोहाराला कळणार नाही, पण मंत्रालयाला कळेल!

मग सरकारने हत्यारांवर इन्स्पेक्टर नेमावेत का? आम्ही आधीच नाही म्हटले आहे. कारखाने तपासणारे सरकारी खाते कधीपासूनचे आहे, आणि तरी डोंबिवलीने २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांतले स्फोट पाहिले, माणसे गेली. दोन्ही स्फोटांनंतर चौकशांची घोषणा झाली. ज्यांना माणूस मारणारी टाकी वेळेत दिसली नाही त्यांना आमचा पाना दिसेल यावर आम्ही का विसंबावे?

शिक्क्याला आमचा विरोध नाही. आयएसआयची खूण ही एक सही आहे. सही करणारा सापडला पाहिजे एवढेच. खऱ्या खुणेवर वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. हातोड्याचे मानक आयएस ८४१, फिक्स पान्याचे आयएस २०२८, पकडीचे आयएस ३६५०, कानशीचे आयएस १९३१. हातोड्यावर कानशीचा क्रमांक असेल तर समजून जा. परवाना क्रमांक खरा की खोटा हे आता बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकून दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहेच, तो एकदा या कामी लावा. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असली पाहिजे, असे वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम सांगतात. पत्ता नसलेला माल म्हणजे बाप नसलेली तक्रार. आणि बिल घ्या. बिल मागितले की दहा-वीस रुपये वाढतात म्हणून आपण सोडतो, त्या ट्रॉलीवाल्या भावानेही सोडले होते.

तालुक्याच्या दुकानदारांशी आमचे वैर नाही, तेही आमच्यासारखेच वरून येईल ते घेतात. त्यांच्याकडे गावे मिळून जाऊ या आणि तीन गोष्टी मागू या. प्रत्येक मालाचा एक उघडा नमुना गल्ल्यावर असावा, त्याला बोल्ट आणि कानस लावू द्यावी. पक्के बिल द्यावे. आणि पहिल्या हंगामात तुटला-फाकला तर बदलून द्यावा. जो दुकानदार हे मान्य करील त्याच्याकडे पंचवीस गावांच्या पेट्यांची खरेदी जाईल. सरकारकडे मागणे एकच: पेट्या वाटू नका, पैसे खात्यात टाका आणि पान्यावरचा कर उठवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली मोडलेली हत्यारे आणि मिळाले असेल तर त्यांचे बिल घेऊन यावे. मंडपाच्या बाजूला टेबल लावले आहे, कानस आणि सरसाण तिथे असेल. डोंबिवलीचा टर्नर रजा काढून येतो म्हणाला आहे. सरकारी पंप मिळालेल्या भावांनी पंप धुऊन, साधे पाणी भरून आणावा आणि सोबत एक कोरडे धोतर.